पाण्याची पायरी

घर बांधणे आणि हौद बांधणे ही दोन्ही कामे एकाच गवंड्याच्या हातची. पण त्यांचे स्वभाव अगदी उलटे. घर बांधताना आपली सारी धडपड पाणी बाहेर ठेवण्यासाठी असते, हौद बांधताना तेच पाणी आत ठेवण्यासाठी. घराला तडा गेला तर तो भिंतीवर उमटतो, आल्यागेल्याच्या नजरेला पडतो. हौदाचा तडा मातीआड असतो. पाणी चार बोटे उतरेपर्यंत तो आपला पत्ता लागू देत नाही. म्हणून घर बांधणाऱ्याच्या सचोटीची परीक्षा चार लोक घेतात. हौद बांधणाऱ्याला मात्र ती आपली आपणच घ्यावी लागते.

हा विचार मनात यायला निमित्त झाले माझ्या पुतण्याचे. तो अकोल्याला राहतो. शहराच्या कडेला नव्या वस्तीत त्याने ऐसपैस घर बांधले, आणि आता घरामागच्या मोकळ्या जागेत त्याला पोहण्याचा हौद हवा आहे. तीन ठेकेदार येऊन गेले आणि तिघांनी तीन रीती सांगितल्या. पहिला म्हणाला, लोखंडी सळया बांधून कांक्रीटचा करा. दुसरा म्हणाला, कारखान्यातून फायबरग्लासचा तयार हौद आणून खड्ड्यात बसवा. तिसऱ्याचे म्हणणे, भिंती साध्या उभारा आणि आतून जाड प्लास्टिकचे अस्तर घाला. माझे उभे आयुष्य पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर म्हणून वऱ्हाडातली काळी माती तुडवण्यात गेले. तेव्हा निवाड्यासाठी मला अमरावतीहून बोलावणे आले. पुतण्याने तिघांचे कागद पुढे ठेवले आणि म्हणाला, "काका, तुम्ही सांगसान तसं करू." शेजारी मेथी निवडत बसलेल्या वहिनींनी मान वर न करताच म्हटले, "अकोल्याले चारचार दिवसांनी नळ येते, अन् ह्या पोराले घरामागं तळं पायजे! लोकं काय म्हणतीन?"

वरवर पाहता हे दोन निराळे प्रश्न. हौद कसा बांधावा हा इंजिनियरचा. बांधावा की नाही हा नीतीचा. माझे म्हणणे एवढेच आहे की हे दोन प्रश्न एकमेकांपासून तोडता येत नाहीत. कसे बांधायचे हे ठरवताना आपण कोणाचा विचार केला आणि कोणाचा नाही, यातच बांधण्याच्या हक्काचे उत्तर दडलेले असते.

आधी जमिनीकडे पाहू, कारण हौदाचा पहिला शेजारी ती. आपल्या जुन्या माणसांनी जमिनीचे दोन भाग केले होते, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे वस्तीची. 'काळीत पेरावे, पांढरीत राहावे' असा सरळ हिशेब. त्यामागे शहाणपण होते. वऱ्हाडातली काळी माती कपाशीला जितकी मायाळू, तितकीच बांधकामाला खट्याळ. तिच्यातली चिकणमाती पावसाचे पाणी पिऊन फुगते आणि चैत्रवैशाखात आकसते. मग वावरात अशा भेगा पडतात की हातातली काठी सहज आत जावी. म्हणजे ही जमीन वर्षातून एकदा श्वास घेते आणि एकदा सोडते. तिच्यावर उभ्या केलेल्या भिंतीला हा श्वास सोसावा लागतो. शहरे वाढली तशी ती पांढरी ओलांडून काळीत शिरली. माझ्या पुतण्याचे घरही काळीतच आहे. तेथे हौद बांधायचा म्हणजे श्वास घेणाऱ्या प्राण्याच्या पोटात भांडे ठेवण्यासारखे आहे. भरलेल्या हौदाची भिंत उन्हाळ्यात पाठीशी माती नसल्यामुळे एकटी पडते, आणि रिकाम्या हौदाची भिंत पावसाळ्यात फुगलेल्या मातीच्या रेट्याखाली येते.

या मातीशी कसे वागायचे याविषयी तिन्ही रीतींचे तीन स्वभाव आहेत.

कांक्रीटचा स्वभाव करारी. तो मातीला म्हणतो, तू हाल, मी हलणार नाही. पण हा करारीपणा फुकट मिळत नाही. काळी माती मुरूम लागेपर्यंत काढून टाकावी लागते, भिंतीभोवती मुरमाचे थर देऊन ते चोपावे लागतात, तळाखालून पाणी निघून जाईल अशी वाट ठेवावी लागते, काठाभोवती फरशीचा पट्टा घालून पावसाचे पाणी दूर सारावे लागते. सळई, ओतीव काम, मग दिवसेंदिवस पाणी मारणे आणि शेवटी आठवडाभर हौद भरून ठेवून पातळी तपासणे. दोन-तीन महिन्यांचे काम आणि खर्चही सर्वांत मोठा. आजकाल हे कांक्रीट नळीतून हवेच्या दाबाने फवारतात. या 'सिमेंटच्या बंदुकी'चा जनक मोठा गमतीचा. कार्ल एकली हा अमेरिकन गृहस्थ शिकागोच्या संग्रहालयात मेलेली जनावरे जिवंत वाटतील अशी उभी करण्याचे काम करी. संग्रहालयाची पोपडे गेलेली दर्शनी भिंत दुरुस्त करण्यासाठी त्याने हे यंत्र जुळवले आणि १९११ साली त्याचे पेटंट घेतले. पुढे त्याच यंत्राने अमेरिकेतल्या घराघरामागे हौद उभे केले.

फायबरग्लासचा स्वभाव सोशिक. तो एका अखंड कवचासारखा असतो, म्हणून माती थोडी हलली तर तोही थोडा लवतो. ट्रकवरून यायचे, क्रेनने खड्ड्यात उतरायचे आणि चार-आठ दिवसांत पाणी भरून मोकळे व्हायचे. आकार मात्र कारखाना देईल तो, आणि रुंदी रस्त्यावरून जाईल तेवढीच. पण त्याचा एक गुण मला फार विचार करण्याजोगा वाटला. हा हौद भरलेला असेपर्यंतच जमिनीत नीट बसतो. भर पावसाळ्यात, जमिनीतले पाणी वर आलेले असताना तो उपसून रिकामा केला तर खालचे पाणी त्याला होडीसारखा वर उचलते. कांक्रीटचा हौदसुद्धा या नियमातून सुटत नाही. तो जड असल्यामुळे तग धरतो इतकेच. पुतण्याला हे सांगितले तेव्हा त्याचा विश्वास बसेना. पण आर्किमिडीजचा नियम अकोल्यालाही लागू आहे.

प्लास्टिकच्या अस्तराचा स्वभाव लाघवी. खर्च कमी, काम लवकर, आणि मातीशी भांडण नाही. माती हलेल तशी तीही हलेल. पण दहाएक वर्षांत अस्तर विरते, फाटते, बदलावे लागते. जुने अस्तर कोठे जाते? ते उकिरड्यावर जाते, आणि माणसाच्या आयुष्यापेक्षा अधिक काळ तेथे राहते. ही रीत आपल्या शेतकऱ्याला अनोळखी नाही. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली. गावोगाव तळी खोदली गेली, आणि कितीतरी तळ्यांच्या पोटात हेच काळेनिळे प्लास्टिक अंथरलेले आहे.

आता तिन्ही कागद शेजारी ठेवून पाहा. ठेकेदाराच्या भाषेत फरक पैशाचा आहे. मला तो भार कोण उचलतो याचा दिसतो. कांक्रीटमध्ये बांधणारा आज स्वतः भार उचलतो. पण उद्या कोणाला हौद नकोसा झाला तर तो उखडून काढण्याचे ओझे पुढच्या पिढीवर टाकतो. तयार कवचात तो रोजच्या सावधपणाचा भार घेतो, कारण एक दिवस गाफील राहिला की हौद हातचा गेला. अस्तरात तो भार हप्त्याहप्त्याने पुढे ढकलतो आणि शेवटचा हप्ता गावाच्या उकिरड्याकडून भरून घेतो. स्वस्त या शब्दाचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की किंमत दुसऱ्या कोणाच्या तरी खिशातून जाणार आहे.

वहिनींच्या प्रश्नालाही आकड्यांत उत्तर देणे मला भाग होते. पुतण्याच्या मनातला हौद आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी एक मीटर चाळीस सेंटिमीटर खोल. म्हणजे सुमारे पंचेचाळीस हजार लिटर पाणी. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी असावे असा सरकारी हिशेब आहे. त्या मापाने पाच माणसांच्या घराला हे पाणी दोन महिन्यांहून अधिक पुरेल. शिवाय उन्हाळ्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो. अशा दिवसांत उघड्या पाण्याची पातळी रोज सेंटिमीटरभर तरी उतरते. एवढ्या हौदातून रोज तीनशेवीस लिटर पाणी हवेत जाणार. दोन माणसांच्या वाट्याहून अधिक पाणी कोणी न पिता, न वापरता, नाहीसे होणार. अकोल्याचे पाणी काटेपूर्णेवर महानला अडवलेले. ते उन्हाळ्यात किती आटते हे अकोलेकराला सांगायला नको. आणि उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला. तेथील शेकडो गावांत विहीर खोदली तर लागते ते खारे पाणी. अशा मुलखात गोड्या पाण्याचा हौद म्हणजे दागिनाच. दागिना घालू नये असे नाही, पण उपाशी पंगतीत तो मिरवताना हात जरा आखडावा.

मात्र याच आकड्यांना दुसरी बाजू आहे. अकोल्याला वर्षाला साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पुतण्याच्या घराचे छप्पर दीडशे चौरस मीटरचे. वाया जाणारा भाग सोडला तरी त्या छपरावरून वर्षाकाठी सुमारे नव्वद हजार लिटर पाणी गटारात जाते. म्हणजे हौदाला नळाची गरजच नाही. गरज आहे ती छपराकडे पाहण्याची. गावाचे पाणी घेऊन पोहणे आणि आभाळाचे अडवून पोहणे यांत मोठे अंतर आहे.

आनंदाला गुन्हा ठरवणाऱ्यांपैकी मी नाही. पोहणे ही माणसाला लाभलेली फार निरागस मौज आहे. आमच्या लहानपणी वऱ्हाडातली मुले वावरातल्या विहिरीत, पाठीला सुके भोपळे बांधून पोहायला शिकत. काठावर कोणी मामा किंवा सालदार उभा असे, आणि त्याच्या शिव्या हेच शिक्षण असे. अमरावतीत १९१४ साली सुरू झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तर साऱ्या वऱ्हाडाला शरीर कमावण्याची गोडी लावली. आता विहिरींचे पाणी खोल गेले, बोअरमध्ये पोहता येत नाही, आणि मुले पोहणे शिकल्यावाचून मोठी होतात. हौद हवासा वाटणे यात वावगे काही नाही. प्रश्न येतो तो काठावर.

पाण्याच्या काठावर माणसाने फार पूर्वीपासून आपल्या मनाचा कोतेपणा दाखवला आहे. महाडचे चवदार तळे कायद्याने सर्वांना खुले होते. तरी १९२७ च्या मार्चमध्ये डॉ. आंबेडकरांना हजारोंसह तेथवर चालत जाऊन ओंजळभर पाणी पिऊन तो हक्क सिद्ध करावा लागला. आणि हे पाप एकट्या आपलेच नाही. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नगरपालिकांनी प्रचंड सार्वजनिक हौद बांधले. पुढे न्यायालयांनी ते काळ्या लोकांना खुले करायला लावले, तेव्हा काही गावांनी हौद बंद केले, काही विकले, काही मातीने बुजवून टाकले. पण बरोबरीने पोहणे पतकरले नाही. ज्यांना परवडले ते कुंपणाआड, आपापल्या घरामागच्या हौदाकडे वळले. सिमेंटच्या बंदुकीने हौद स्वस्त केला, आणि स्वस्त झालेल्या हौदाने शेजार महाग केला. म्हणून घरामागच्या हौदाचे कुंपण घालताना ते मुलाच्या रक्षणासाठी घालतो आहोत की शेजाऱ्याच्या मुलाला दूर ठेवण्यासाठी, हे प्रत्येकाने मनाशी विचारावे.

आता ज्या गोष्टीने माझा निवाडा झाला ती सांगतो. काही वर्षांमागे दर्यापूर भागात एका ओळखीच्या घरी गेलो होतो. त्यांच्या शेजारच्या वावरात प्लास्टिकचे अस्तर घातलेले शेततळे होते. वैशाखातल्या दुपारी सालदाराचा अकरा वर्षांचा मुलगा डबकीभर पाणी घ्यायला उतरला आणि घसरला. पाणी फार नव्हते. पण उतरत्या प्लास्टिकवर शेवाळ धरलेले. पाय ठरेना, हाताला धरायला काही नाही. मी गेलो तेव्हा पाणी उपसले होते. काठावर त्याच्या चपला होत्या, आणि अस्तरावर ओळीने ओरखडे. किती वेळा तो वर आला असेल आणि खाली गेला असेल, ते त्या ओरखड्यांवरून मोजता आले असते. मी मोजले नाहीत. अशा बातम्या दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रात येतात. कधी एक भाऊ दुसऱ्याला काढायला उतरतो आणि दोघेही राहतात. तळ्यात पाणी साठवायचे कसे याचा विचार मायक्रॉनपर्यंत झालेला असतो. त्यात पडलेल्याने बाहेर यायचे कसे, याचा मात्र झालेला नसतो. गाठी मारलेला एक दोर आणि फुगवलेली एक जुनी ट्यूब, एवढ्याने जो जीव वाचला असता तो कोणाच्या अंदाजपत्रकात नव्हता.

त्याच दर्यापूर तालुक्यात महिमापूरची जुनी विहीर आहे. सात मजली, चौकोनी, दगडी. तिच्या बांधणाऱ्याने पाणी कितीही खोल जावो, माणसाने तेथवर पायांनी जावे आणि पायांनीच परत यावे म्हणून दगडाच्या पायऱ्या उतरवत नेल्या. अचलपूरजवळ हौज कटोरा आहे: गोल हौदाच्या मध्यभागी उभी असलेली अष्टकोनी मजल्यांची इमारत. तो सुलतानांच्या विलासाचा हौद. आज त्यात पाणी नाही आणि सुलतानही नाहीत. आणि पूर्णेच्या काठी ऋणमोचनला गाडगेबाबांनी घाट बांधला. यात्रेला येणाऱ्या गोरगरिबांचे पाय चिखलात घसरत, हे त्यांना बघवले नाही. एक हौद ऐश्वर्य दाखवण्यासाठी, एक विहीर पाण्यापर्यंत नेण्यासाठी, एक घाट घसरणाऱ्याला सावरण्यासाठी. तिन्ही बांधकामेच, पण बांधणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोण होते ते दगड अजून सांगतात.

आपल्या भाषेत पायरी हा शब्द मोठा खोल आहे. पायरीने वाग म्हणतो तेव्हा आपण माणसाला त्याची मर्यादा सांगतो. पण पायरीचा मूळ धर्म कोणाला खाली ठेवणे हा नाही. खाली असलेल्याला वर आणणे हा आहे. पंढरपूरला नामदेवाने महाद्वारातली पायरी मागून घेतली ती याच समजुतीने. मला वाटते, कोणत्याही बांधकामाची, मग तो हौद असो की संस्था की घराणे, नीती तपासायची असेल तर त्याची भिंत किती भक्कम आहे ते नंतर पाहावे. आधी त्याला पायरी आहे का ते पाहावे. आत पडलेल्याला बाहेर येता येते का? चूक झाली तर ती वेळीच दिसते का? आपल्यामागून येणाऱ्याला ते उपयोगी पडते का?

पुतण्याला मी सांगितले ते असे. हौद कांक्रीटचाच कर, कारण त्याचा भार तू आज स्वतः उचलतोस. पण आठ बाय चार नको. सहा बाय तीन पुरे, आणि खोली कोठेही छातीच्या वर नको. पाणी निम्म्यावर येईल. मुरूम लागेपर्यंत काळी काढ. खोदकाम दिवाळीनंतर सुरू कर आणि पावसाच्या आत भराव पुरा कर. छपराचे पाणी गाळून हौदात घे, हौद भरला की उरलेले बोअरशेजारी शोषखड्ड्यात सोड. वापर नसेल तेव्हा वर झाकण घाल, म्हणजे उन्हाचा डल्ला थांबेल. पुढे तुझ्या मुलांना पोहणे नको झाले तर वर स्लॅब टाकून त्याचे पावसाच्या पाण्याचे टाके होईल; कांक्रीट टिकते हे पुढच्यांवरचे ओझे न होता देणे होईल. आणि एका बाजूला, हौदाच्या पूर्ण रुंदीभर, खडबडीत फरशीच्या पायऱ्या कर. लोखंडी शिडी नको. बुडणाऱ्याला शिडी शोधावी लागते. रुंद पायरी त्याच्या पायाला आपण होऊन लागते.

पुतण्याने सारे लिहून घेतले. वहिनींनी मेथीची जुडी बाजूला ठेवून एकच विचारले, "वस्तीतल्या पोरायले येऊ देशीन का?" तो गप्प राहिला. मग म्हणाला, "अन् कोणाचं पोरगं बुडालं तर, आई?" प्रश्न खोटा नव्हता. दार उघडे ठेवणे सोपे, उघड्या दाराशी बसून राखण करणे अवघड. वहिनी म्हणाल्या, "मी बसीन ना काठी घेऊन. संध्याकाळचं मले तरी काय काम असते?"

कुंपणाच्या फाटकाला कुलूप किती वाजता लागायचे आणि किल्ली कोणाकडे राहायची हे माझ्या अंदाजपत्रकात बसणारे नव्हते. ते त्या मायलेकांनी ठरवायचे आहे. मी कागदावर पायऱ्यांची मापे तेवढी घालून दिली: उंची सहा इंच, रुंदी एक फूट. लहान मुलाच्या पायाला पुरेल अशी.